तंजावूरचा माड आणि शेजारधर्म

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. कृषिशास्त्रात मात्र या नावाची ओळख निराळी आहे. १९५२ च्या वादळानंतर या जिल्ह्यात माडांचा एक रोग प्रकर्षाने ध्यानात आला. त्याला ‘तंजावूर मर’ असेच नाव पडले.

गॅनोडर्मा नावाच्या बुरशीमुळे हा रोग होतो. आरंभी खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडाभोवती लोंबू लागतात. बुंध्याच्या भेगांतून तांबूस-तपकिरी द्रव पाझरतो. ही चिन्हे दिसेपर्यंत जमिनीखाली मुळांची कूज बरीच झालेली असते. पुढे बुंध्याशी अळंबी उगवते, आणि मग झाड वाचण्याची आशा फारशी उरत नाही.

ही बुरशी मुळांच्या स्पर्शाने आणि मातीवाटे पसरते. पाटाचे पाणीही तिला एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात नेते. तिला कुंपण ठाऊक नाही. कालव्याकाठचा सरकारी माड आणि परसातील खाजगी माड तिला सारखेच. मग एकट्या मालकाने काळजी घेऊन काय उपयोग?

हा प्रश्न मद्रास सरकारपुढे पूर्वीच उभा राहिला होता. त्यातूनच १९१९ चा पीक-कीड व रोगविषयक कायदा झाला. सरकारने एखादा रोग व प्रदेश अधिसूचनेने जाहीर केला की तेथील जमीनधारकाने ठरवून दिलेले उपाय योजलेच पाहिजेत. गरज पडल्यास झाड तोडून नष्ट करणे हाही त्यांतलाच एक उपाय. त्याने हयगय केल्यास अधिकारी ते काम करवून खर्च वसूल करू शकतात.

कायद्याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. रोगी माडाभोवती चर खणून त्याची मुळे निरोगी माडांपासून तोडावीत. दर माडास वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड द्यावी आणि आळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी सोडू नये. मेलेला माड बुंध्या-मुळांसकट उपटून जाळावा. नुसता वरून तोडल्यास बुंध्यात बुरशी जिवंत राहते.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गज’ वादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागांतील असंख्य माड उन्मळून पडले. जुने बुंधे काढल्याविना तेथे लावलेल्या रोपाला रोगाचे भय राहणारच. वेप्पंगुळम येथील नारळ संशोधन केंद्र याच जिल्ह्यात आहे. सल्ला दूर नाही.

वाचकहो, माड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. अजून चार नारळ देणारे रोगी झाड तोडताना हात कचरतो, हे खरेच. पण त्या चार नारळांपायी शेजाऱ्याची सारी बाग पणास लावायची काय? आपल्या परसात किंवा गावच्या सार्वजनिक जागेत बुंधा पाझरताना दिसला, तर त्याच दिवशी पंचायतीस आणि कृषी अधिकाऱ्यास कळवावे. गावचे माड त्यानेच वाचतील.