ट्रंकेच्या तळाशी राहिलेलं एक पान

मैत्रिणींनो, सणाआधी घर आवरायला घेतलं, की एखादी जुनी ट्रंक उघडते आणि पुढचं सगळं काम तिथंच अडतं. तुमचंही असं होतंच ना? आमच्याकडे हे नाताळाच्या आधी होतं.

माझं माहेर नवापूरचं, सासर नंदुरबारचं. आई गेली त्या वर्षी वहिनीनं तिची ट्रंक माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, "ताई, हवं ते घ्या, बाकीचं रद्दीत देते." आत होतं तरी काय? एक विरलेलं लुगडं, भावाच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा, पानं सुटलेलं 'उपासना संगीत' आणि काळ्या पुठ्ठ्याचं बायबल. बाजारात किंमत शून्य! खरं सांगते, मीही "देऊन टाक" म्हणणार होते.

सहज बायबलचं पहिलं पान उघडलं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या तारखा या कोऱ्या पानावर लिहिण्याची ख्रिस्ती घरांत जुनी रीत आहे. आम्हा तिघा भावंडांच्या तारखा होत्या. पण सगळ्यांच्या वर आणखी एका मुलीचं नाव होतं. जन्मतारखेनंतर अकरा दिवसांनी दुसरी तारीख, आणि पुढे दोनच शब्द : 'प्रभूजवळ आहे.'

आईनं या बाळाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पावसाळ्यात एका ठरावीक दिवशी ती गप्प असायची, संध्याकाळी हेच पुस्तक घेऊन एकटीच बसायची. आम्हाला वाटे, डोकं दुखत असेल. तिचं दुःख आणि तिची आशा, दोन्ही त्या एका पानाला ठाऊक होती. ते तराजूत गेलं असतं, तर माझ्या थोरल्या बहिणीचं नाव जगात कुठंच उरलं नसतं.

आपल्या भागात ही पुस्तकं घरोघर आली, त्यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२ मध्ये सुरू झालं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा तेव्हा कागदावरही नव्हता. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी, साध्या बायकांना समजावं म्हणून, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर तुम्हाला ठाऊकच आहेत. साध्या संसारातल्या आठवणीही जपण्याजोग्या असतात, हे त्यांनीच आपल्याला दाखवलं.

आता जपायचं कसं, ते सांगते. नवापूरकडचा पाऊस म्हणजे कागदाचा वैरीच. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट हवा आत कोंडते. धुतलेल्या, खळ न घातलेल्या सुती कापडात गुंडाळा, कारण खळीला कीड लागते. पावसाळा सरला, की सावलीत वारा द्या, कडक उन्हात शाई उडते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी शेजारी ठेवा, पानांत नको. झगा-लुगड्याची घडी दर तीन-चार महिन्यांनी मोडून वेगळी घाला, नाहीतर कापड घडीवर चिरतं. लिहिलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. आणि मुख्य म्हणजे, घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या : हे कोणाचं? कधीचं?

तुमच्या घरी बायबल नसेल, आजेसासूबाईंची पोथी असेल, कुणाची जपमाळ असेल. वस्तू निराळी, माया तीच.

आमच्या ट्रंकेचं काय झालं म्हणता? 'उपासना संगीत' मी आणलं. बायबल माहेरीच राहिलं. ते पान वाचून वहिनी बराच वेळ बोलली नाही. मग आतून पेन घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आईंची तारीख तुम्हीच लिहा." बाळाच्या नावाखाली थोडी जागा होती. मी तिथंच लिहिली.