विश्लेषण : जुनी रेकॉर्ड सरस की नव्याने छापलेली? ‘ओरिजिनल’ आणि ‘रीइश्यू’मध्ये नेमका फरक काय?

अमेरिकेत २०२२ मध्ये ४.१ कोटी व्हायनिल रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर सीडी ३.३ कोटी. १९८७ नंतर प्रथमच नगसंख्येत रेकॉर्डने सीडीला मागे टाकले. या लाटेत गाजलेले जुने अल्बम पुन्हा छापले जात आहेत. सोबत एक जुना वादही परतला आहे : पहिल्या छपाईची रेकॉर्ड घ्यावी की नवी? त्याच वर्षी उघडकीस आलेल्या एका प्रकरणाने या वादाला वेगळेच वळण दिले.

रेकॉर्ड तयार कशी होते?

स्टुडिओतील ध्वनिमुद्रणाची अंतिम टेप म्हणजे मास्टर टेप. मास्टरिंग करणारा अभियंता ती वाजवून, आवाजाचा समतोल साधत, लॅकर लावलेल्या चकतीवर खाच कापतो. त्या चकतीवर धातूचा थर चढवून साचे बनवतात. शेवटच्या साच्याने, म्हणजे स्टॅम्परने, गरम पीव्हीसी दाबून रेकॉर्ड छापली जाते. टेप कोणती, खाच कोणी कापली, साचा किती झिजलेला आणि छपाई कशी, या चार गोष्टींवर आवाज ठरतो.

मग पहिली छपाई चांगली का मानतात?

कारण त्या वेळी टेप ताजी असते. चुंबकीय टेप वर्षांनुवर्षे वाजवून झिजते, साठवणुकीत खराब होते. शिवाय मूळ निर्माते आणि अभियंते हाताशी असतात. लेड झेपेलिनचा १९६९ चा दुसरा अल्बम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अभियंता बॉब लडविग यांनी त्याची पहिली खाच इतक्या जोरकस आवाजात कापली, की कंपनीच्या प्रमुखांच्या घरच्या साध्या प्लेअरवर सुई उडू लागली, असे त्यांनीच सांगितले आहे. कंपनीने तो अल्बम पुन्हा, सौम्य आवाजात कापून घेतला. त्यामुळे ‘आरएल’ ही अक्षरे कोरलेल्या सुरुवातीच्या प्रती आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. १९६९ मध्येच छापलेली, पण ही अक्षरे नसलेली प्रत त्या भावाने जात नाही. म्हणजे महत्त्व केवळ सालाला नाही, खाच कोणती याला आहे.

मूळ प्रतच चुकीची असू शकते का?

हो. माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) हा जॅझमधील सर्वाधिक गाजलेल्या अल्बमपैकी एक. त्याच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित करताना मुख्य यंत्राचा वेग किंचित कमी होता. त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर सूर किंचित चढे ऐकू येत. तीन दशकांहून अधिक काळ जगाने हा अल्बम तसाच ऐकला. सुदैवाने त्या दिवशी दुसरे यंत्रही सुरू होते. त्याची टेप वापरून १९९२ मध्ये सीडीवर सूर दुरुस्त झाले, नंतर रेकॉर्डवरही. इथे पहिली छपाई मौल्यवान असली तरी वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेला सूर नव्या आवृत्तीत आहे.

नव्या आवृत्तीत काय तपासावे?

ती टेपवरून कापली की डिजिटल फाइलवरून, हे आधी पाहावे. बीटल्सचे उदाहरण बोलके आहे. २०१२ चा त्यांचा स्टिरिओ संच २००९ मध्ये तयार झालेल्या डिजिटल मास्टरवरून कापला होता. २०१४ चा मोनो संच मात्र अ‍ॅबी रोड स्टुडिओत थेट अ‍ॅनालॉग टेपवरून कापला गेला. दोन्ही अधिकृत, दोन्ही बीटल्सचेच, पण मार्ग वेगळे. ‘१८० ग्रॅम’ हा शिक्का या प्रश्नाचे उत्तर देत नाही. जाड रेकॉर्ड सहसा वाकत नाही. पण खाच कशावरून कापली, हे वजनातून कळत नाही.

२०२२ मध्ये काय घडले?

‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकी कंपनी मूळ मास्टर टेपवरून काढलेल्या महागड्या आवृत्त्यांसाठी ओळखली जाते. त्या वर्षी तिने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४० हजार प्रती जाहीर केल्या. एकाच टेपवरून वारंवार खाच कापून एवढ्या प्रती निघतील कशा, अशी शंका होतीच. जुलैमध्ये फिनिक्स शहरातील रेकॉर्ड विक्रेते माइक एस्पोझितो यांनी कंपनी डिजिटल प्रत वापरत असल्याचा दावा केला. काही दिवसांतच कंपनीच्या अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केले. २०११ पासून अनेक आवृत्त्यांत उच्च दर्जाची डिजिटल पायरी होती.

पंचाईत अशी, की यातल्याच आवृत्त्यांना जाणकारांनी सर्वोत्तम ठरवले होते. कानांना फरक कळला नव्हता. पण ग्राहकांनी ज्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजले, तीच सांगितली गेली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि सुमारे २.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. रेकॉर्ड परत करून पूर्ण पैसे किंवा रेकॉर्ड ठेवून थोडा परतावा, असे पर्याय ग्राहकांना मिळाले.

भारतातील ग्राहकांनी काय पाहावे?

एचएमव्हीच्या जुन्या भारतीय रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात छापल्या जात. मुंबईच्या चोर बाजारात अशा प्रती आजही मिळतात. तिथे छपाईच्या सालापेक्षा रेकॉर्डची अवस्था महत्त्वाची. झिजलेल्या सुईने खरवडलेली खाच धुऊन पूर्ववत होत नाही. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरावी, चरे आणि वाक पाहावा, शक्य असल्यास वाजवून घ्यावी.

शेवटचे गाणे आणि लेबल यांच्यामधील गुळगुळीत पट्टीही तपासावी. तिथे कोरलेली अक्षरे आणि क्रमांक म्हणजे त्या रेकॉर्डचे ओळखपत्र. ‘डिस्कॉग्स’ या संकेतस्थळावर ते टाकले, की छपाई कोणती हे बहुतेकदा समजते. नवी आवृत्ती घेताना वेष्टनावर मास्टरिंग करणाऱ्याचे नाव आणि मूळ स्रोताची माहिती शोधावी. ती नसेल, तर जादा किंमत देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे : ही कशावरून कापली?