नवउद्योगाच्या उत्पादनाचा नवागतास परिचय : ड्रॉपबॉक्सच्या उदाहरणाच्या आधारे विवेचन

नवउद्योगाचे संकेतस्थळ प्रथमच पाहणारी व्यक्ती ही ग्राहक नसते. ती केवळ नवागत असते. ‘हे उत्पादन नेमके काय करते?’ हा तिचा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर न मिळाल्यास ती निमूटपणे निघून जाते. दुकानातील गिऱ्हाईक निदान विक्रेत्यास विचारू तरी शकते. ड्रॉपबॉक्स या अमेरिकी उद्योगाने हा प्रश्न कसा हाताळला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ड्र्यू ह्यूस्टन व आराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये या उद्योगाची स्थापना केली. संगणकावरील एका विशिष्ट फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल त्याच व्यक्तीच्या अन्य संगणकांवरही आपोआप उपलब्ध व्हावी आणि एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र उमटावा, हे या उत्पादनाचे कार्य. त्यामागील तांत्रिक रचना अर्थातच गुंतागुंतीची होती. परंतु नवागतास समजावून सांगण्यातील खरी अडचण ती नव्हती. त्या काळी लोक पेन ड्राइव्ह खिशात बाळगत, अथवा स्वतःच स्वतःला ई-मेल पाठवीत. ही गैरसोय इतकी अंगवळणी पडली होती की, तिच्यावर काही उपाय असू शकतो, असे बहुतेकांच्या मनातही येत नसे.

याचा प्रत्यय जाहिरातींतून आला. ह्यूस्टन यांनी पुढे जाहीरपणे मांडलेल्या आकडेवारीनुसार, गूगलवरील शोध-जाहिरातींद्वारे एक ग्राहक मिळविण्यास २३३ ते ३८८ डॉलर खर्च होत होता, आणि विकावयाच्या सेवेची किंमत होती ९९ डॉलर! ज्या वस्तूचे नावच ठाऊक नाही, तिचा शोध कोण घेणार?

याउलट परिणाम साध्या चित्रफितीने साधला. मार्च २००८ मध्ये ‘डिग’ या संकेतस्थळावर आलेल्या चित्रफितीत फाइल फोल्डरमध्ये टाकली जाते आणि दुसरीकडे दिसते, एवढेच मुख्यत्वे दाखविले होते. प्रतीक्षायादी एका दिवसात सुमारे ५,००० वरून ७५,००० वर गेली. त्या वेळी उत्पादन सर्वांसाठी खुलेही झालेले नव्हते. ते सप्टेंबर २००८ मध्ये झाले. मात्र या चित्रफितीत ‘डिग’च्या तंत्रज्ञ वाचकांनाच उमजतील असे विनोद पेरलेले होते. सामान्य नवागतासाठी २००९ मध्ये कॉमन क्राफ्ट या संस्थेकडून कागदी चित्रांची वेगळी चित्रफीत करून घेण्यात आली आणि मुखपृष्ठावर ती चित्रफीत व डाउनलोडचे बटण यांखेरीज फारसे काही ठेवले गेले नाही. उत्पादन तेच, स्पष्टीकरणे मात्र दोन. सुबोधता हा मजकुराचा अंगभूत गुण नसून ती वाचकसापेक्ष असते, हे यावरून ध्यानात येते.

ही अडचण केवळ संगणकयुगाची नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगण्याची गरज नव्हती. शंका होती ती लोखंडाविषयी. ड्रॉपबॉक्सबाबत गरजेचीच जाणीव नव्हती. म्हणून नवागत कोठे अडतो, हे आधी जाणून घ्यावे लागते; एकच साचा सर्वत्र उपयोगी पडत नाही.

अनेक महाविद्यालयांत २०१८ पासून नवोपक्रम परिषदा स्थापन झाल्या आहेत. तेथील विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांत ‘क्रांतिकारी’, ‘एकात्मिक’, ‘अत्याधुनिक’ अशी विशेषणे विपुल आढळतात; वस्तू काय करते, हे सांगणारे क्रियापद मात्र शोधावे लागते. मार्गदर्शक प्राध्यापकांस एक सोपी चाचणी घेता येईल. परिचयाचा मजकूर अन्य विभागातील सहकाऱ्यास क्षणभर दाखवून काढून घ्यावा आणि हे काय आहे, ते त्यांच्याच शब्दांत सांगण्यास विनवावे. या वेळी विद्यार्थ्याने मध्ये बोलू नये. कारण प्रत्यक्षात संकेतस्थळ उघडणाऱ्याच्या शेजारी तो बसलेला नसतो.