खुर्चीचा मसाज आणि हाताचा स्पर्श

संध्याकाळी आजीचे पाय नातवंडांनी चेपून द्यावेत, ही आपल्या घरांतील जुनी रीत. आता नातवंडे दूरगावी असतात आणि त्यांनी प्रेमाने पाठविलेली मसाजची खुर्ची दिवाणखान्यात येते. ती हातांचे काम कितपत करते, हे वापरण्यापूर्वी समजून घ्यावे.

जपानमधील ओसाका येथे नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ मध्ये अशी खुर्ची तयार केली आणि तेथील सार्वजनिक स्नानगृहांतून ती रुळत गेली. आजच्या खुर्चीच्या पाठीत रोलर असतात. ते कण्याच्या दोन्ही बाजूंनी वरखाली सरकले की चोळल्यासारखे, तिरके फिरले की अंगठ्यांनी मळल्यासारखे आणि आळीपाळीने आपटले की मुठींनी ठोकल्यासारखे वाटते. पोटऱ्यांभोवतीच्या पिशव्यांत हवा भरते व सुटते. हेच तिचे चेपणे. आखडलेल्या पाठीला याने तात्पुरता आराम मिळू शकतो.

हात मात्र दाबतानाच समोरच्याला जाणूनही घेतो. अंग आक्रसले, श्वास अडखळला, की तो आपोआप सैल पडतो. शिवाय आपल्या त्वचेतील काही मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, कोमट, हळुवार स्पर्शाला विशेष प्रतिसाद देतात. मायेने पाठीवरून फिरविलेल्या हाताचा वेग नेमका हाच असतो.

उतारवयात हा फरक महत्त्वाचा ठरतो. हाडे ठिसूळ झालेली असतील, पेसमेकर बसविलेला असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर दाब जास्त झाल्याचे कळतही नाही. इतरांनीही सर्वांत कमी दाबापासून, दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. बंद करण्याचे बटण हाताशी असावे आणि उठताना कोणीतरी जवळ असावे.

मुलांनी एवढा खर्च केला, म्हणून पुष्कळ ज्येष्ठ दुखले तरी बोलत नाहीत. तेव्हा “बरे वाटले ना?” एवढेच न विचारता “कुठे दुखले का?” असे विचारावे. नंतर पाच मिनिटे स्वतःच्या हाताने त्यांच्या पायांना हलकेच तेल लावावे. एखादा निळसर डाग, सूज किंवा जखम असेल, तर ती याच वेळी दिसेल.