उडत्या पक्ष्यांचे छायाचित्रण आणि आयएसओचा आकडा

हिवाळ्यात करमळीच्या तळ्याकाठी पहाटे उभे राहिले की पक्षी दिसण्यापूर्वी त्यांचा आवाज ऐकू येतो. रात्रभर चरून परतलेले अडई बदकांचे थवे शीळ घालीत तळ्यावर घिरट्या घेतात आणि पाण्यावर उतरतात. सूर्य चांगला वर येईपर्यंत ही लगबग पुष्कळशी ओसरलेली असते. पक्ष्यांच्या उड्डाणाची वेळ आणि छायाचित्राला पुरेशा उजेडाची वेळ यांचा मेळ सहसा बसत नाही. ही अडचण दूर करण्याचे एक साधन आजच्या प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात आहे. तथापि, चित्र खराब होईल या भीतीने अनेक नवशिके त्याला हात लावीत नाहीत. हे साधन म्हणजे आयएसओचा आकडा.

पक्ष्यांची छायाचित्रे आज केवळ भिंतीवर टांगण्यासाठी काढली जात नाहीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली सुरू झाली व ती दरवर्षी जानेवारीत होते. अशा गणनेच्या वेळी ओळखीबद्दल शंका असलेल्या पक्ष्याचा निर्णय पुष्कळदा एखाद्या छायाचित्रावरून करता येतो. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या पायांत अभ्यासकांनी अडकविलेल्या रंगीत पट्ट्यांवर अक्षरे व अंक असतात. ते चित्रात वाचता आले तर तो पक्षी कोठे व केव्हा पकडून सोडला होता याचा माग लागतो. शाळेच्या निसर्गमंडळातील विद्यार्थ्याने किंवा गस्तीवरील वनरक्षकाने घेतलेले चित्रही अशा वेळी मोलाचे ठरते. मात्र त्या चित्रात पंखांवरचे पट्टे, चोचीचा आकार, पायांचा रंग स्पष्ट दिसला पाहिजे. फराटा उमटलेल्या चित्राचा या कामी काही उपयोग नाही.

आयएसओ हा प्रकाशसंवेदनेचा मानक आकडा आहे. फिल्मच्या काळात तो रोलच्या डबीवर छापलेला असे. त्यापूर्वी एएसए आणि डीआयएन अशी दोन मापे प्रचलित होती व पुढे ती आयएसओमध्ये एकत्र आली. १०० आकड्याचा रोल कॅमेऱ्यात भरला की छत्तीस चित्रे संपेपर्यंत तोच आकडा पाळावा लागे, मग पहाट असो की भर दुपार. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र हा आकडा प्रत्येक चित्राला बदलता येतो. आकडा दुप्पट केला की तेवढ्याच उजळपणाच्या चित्रासाठी निम्मा प्रकाश पुरतो, म्हणजेच शटर निम्माच वेळ उघडे ठेवून भागते.

फराटा का उमटतो

आकाश निरभ्र असून सूर्य चांगला वर आला असेल, भिंगाचे छिद्र एफ/५.६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर सुमारे १/८०० सेकंद उघडे ठेवावे लागते. सूर्योदयाच्या सुमारास प्रकाश याच्या सोळाव्या हिश्शावर आला, तर तेच शटर १/५० सेकंद उघडे राहील. एखादी ब्राह्मणी घार सेकंदाला दहा मीटर वेगाने चालली आहे असे धरले, तर १/५० सेकंदात ती वीस सेंटिमीटर पुढे सरकते. चित्रात घार दिसेल, पण तिची पिसे दिसणार नाहीत. आयएसओ १०० वरून पाच वेळा दुप्पट करीत ३२०० वर नेला की शटरचा काळ १/१६०० सेकंदावर येतो. तेवढ्यात घार जेमतेम सहा मिलिमीटर सरकते.

कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरविला तर धडाचा फराटा पुष्कळ कमी होतो, परंतु वरखाली होणाऱ्या पंखांना त्याचा लाभ मिळत नाही. भिंगातील थरथर रोखणारी यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप थांबविते. पक्ष्याची गती थांबविणे तिच्या हाती नाही. संथ तरंगणाऱ्या घारीला किंवा बगळ्याला १/१००० ते १/१६०० सेकंद पुरतात. भरभर पंख मारणाऱ्या बदकांना व खंड्याला १/२५०० किंवा त्याहून अल्प काळ ठेवावा. पाकोळीच्या बाबतीत मात्र अनुभवी माणसाचीही बहुतेक चित्रे वाया जातात. फ्रान्समध्ये मारे या शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने सेकंदाला बारा चित्रे घेऊन पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास केला, तेव्हाही त्याने प्रत्येक चित्राचा काळ १/७२० सेकंद इतका अल्प ठेवला होता.

दाणेदारपणा

आयएसओ वाढविल्यावर चित्रात बारीक रवाळ ठिपके दिसू लागतात हे खरे. त्याचे कारण अंगणातल्या पावसावरून समजून घेता येईल. मृगाच्या पहिल्या शिडकाव्यात अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या मांडल्या, तर एकीत सात थेंब पडतील, शेजारचीत तेरा. हाच पाऊस तासभर धो धो कोसळला तर सर्व वाट्या जवळजवळ सारख्याच भरतील. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील सूक्ष्म घरे या वाट्यांसारखी आहेत आणि प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो. सरासरी शंभर थेंब पडतील तेथे सुमारे दहांचा, म्हणजे दहा टक्के फरक राहतो. दहा हजार पडतील तेथे तो एका टक्क्यावर येतो. तेव्हा ठिपक्यांचे मूळ मुख्यतः अपुऱ्या प्रकाशात आहे. आयएसओ वाढविल्याने ते डोळ्यांना दिसू लागतात, एवढेच.

म्हणूनच आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळपट चित्र काढणे आणि घरी संगणकावर ते उजळणे यात काहीच साधत नाही. ठिपके तेवढेच राहतात, काही कॅमेऱ्यांत तर वाढतात. उलट, पुरेशा उजळपणाने घेतलेल्या चित्रातील ठिपके आजच्या संगणकीय पद्धतींनी बरेच पुसता येतात आणि लहान आकारात छापल्यास ते फारसे जाणवतही नाहीत. फराट्याने गेलेला पिसांचा तपशील मात्र परत मिळत नाही. दोहोंपैकी एक दोष पत्करावयाचा असेल, तर ठिपके पत्करावेत.

याला मर्यादा आहे आणि ती प्रत्येक कॅमेऱ्याची निराळी असते. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात १६०० पुढे चित्र बिघडू लागेल, तर मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यात ६४०० देखील चालून जाईल. अंगणातल्या कोंबड्यावर ८००, १६००, ३२०० व ६४०० असे आकडे ठेवून चार चित्रे घ्यावीत आणि ती हव्या त्या आकारात छापून पाहावीत. पुस्तकातील कोष्टकापेक्षा ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. मर्यादा कळल्यावर शटर व छिद्र आपण ठरवावे, आयएसओ स्वयंचलित ठेवावा आणि त्याची कमाल पातळी बांधून द्यावी. उजळ आकाशापुढचा पक्षी काळवंडतो, म्हणून तेथे एक पायरी अधिक उजळपणा द्यावा. गर्द खारफुटीपुढून जाणाऱ्या पांढऱ्या बगळ्याला उलट एक पायरी कमी द्यावी. नाहीतर पिसांच्या जागी कोरा पांढरा डाग उमटतो.

थव्याचे उड्डाण टिपण्यासाठी टाळ्या वाजविणे, होडी अंगावर घालणे किंवा ड्रोन उडविणे हे प्रकार मात्र सर्वथा वर्ज्य आहेत. दूर अंतर कापून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक निष्कारण उड्डाणात शक्ती खर्चावी लागते आणि चरण्याचा वेळही जातो. पहाटेच्या मंद प्रकाशातही चित्र घेता येऊ लागल्यावर पक्ष्यांना उन्हात उठविण्याचे काही प्रयोजन उरत नाही. ते आपल्या वेळेला आपणहून उडतात. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा असल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये परवान्याची तरतूद आहे. त्याबाबतची चौकशी आधीच वनखात्याकडे करावी.

आयएसओ हाताने ठरविणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते. पहाटे ६४०० वर नेलेला आकडा नऊ वाजेपर्यंत तसाच राहतो आणि भर उन्हातली चित्रे विनाकारण दाणेदार निघतात. ऊन तळ्यावर पसरू लागताच आकडा खाली आणावा.