घालताना एक, काढताना एक

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा वेचतात. समजा, त्याच्या खरेदीची नोंद संगणकावर आहे. वजनाच्या रकान्यात कोणी १२.५ हा आकडा घालील, कोणी ‘साडेबारा’ असे अक्षरी लिहील. आत घेणाऱ्या सेटरने दोन्ही घ्यावे. बाहेर देणाऱ्या गेटरने मात्र आकडाच द्यावा.

रकान्यात काय बसेल हे प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवतात आणि तपासनीस तो चालण्यापूर्वी मेळ पाहतो. पूर्वी त्याला एका रकान्याचा एकच प्रकार समजे. ‘आकडा’ लिहावा तर अक्षरी नोंद चूक. ‘आकडा किंवा अक्षरे’ लिहावे तर बाहेर आलेल्या वजनाला दराने गुणू देईना. वैतागून तपासणीच बंद केली, तर चूक थेट हिरडा वेचणाऱ्या बाईच्या पैशांत निघणार. कामगारांच्या हजेरीपटावर जन्म घालवलेल्या मला हे खपत नाही.

टाइपस्क्रिप्टने २०२१ मध्ये, ४.३ आवृत्तीत, दोन प्रकार मान्य केले. पण बाहेरचा प्रकार आतल्यात बसला पाहिजे, ही अट ठेवली. प्रकार स्पष्ट लिहिलेले असल्यास ती २०२३ मध्ये ५.१ ने काढली. पायथनच्या मायपाय तपासनिसाला हे २०२५ मध्ये, १.१६ आवृत्तीत जमले.

‘साडेबारा’चे १२.५ करणे मात्र सेटरला आपणच शिकवायचे. त्याने १०.५ केले, तरी तपासनीस गप्पच राहील. त्याच्या लेखी तोही आकडाच.