पायांच्या शिरा फुगतात तेव्हा

नवरात्रात माहूरला रेणुकामातेचा गड चढून-उतरून आलेला भाविक 'पाय भरून आले' म्हणत बसतो. दोन दिवसांत त्याचे पाय पूर्ववत होतात. खरी काळजी करायला हवी ती वाटेवरच्या दुकानात पहाटेपासून रात्रीपर्यंत एका जागी उभे राहून हार-नारळ, तांबूल विकणाऱ्यांच्या पायांची. चालणाऱ्यापेक्षा नुसते उभे राहणाऱ्याचे पाय लवकर बिघडतात. आचारी, न्हावी, शिक्षक, पोलीस यांच्याही पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या, दोरीसारख्या शिरा दिसतात. यालाच डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात.

असे का होते?

पोटरीचे स्नायू आवळले की पायातील रक्त पंपाप्रमाणे वर ढकलले जाते आणि शिरांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन् तास उभे राहिल्यास हा पंप थांबतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो आणि शीर फुगते. आनुवंशिकता, गरोदरपण व लठ्ठपणा यांनीही हा धोका वाढतो.

कातडीखालचा गंज

साचलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला चिकटतात आणि ऑक्सिजनपासून बनलेले अस्थिर कण बाहेर टाकतात. त्यांना 'फ्री रॅडिकल्स' म्हणतात. हे कण शरीराच्या संरक्षणशक्तीला भारी पडू लागले की त्या अवस्थेला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. त्यामुळे शिरेची भिंत आणखी कमकुवत होते. दाबामुळे तांबड्या पेशीही बाहेर झिरपून फुटतात व त्यांतील लोह कातडीत साठते. घोट्याजवळचा तपकिरी डाग तो हाच. हे लोह नवे फ्री रॅडिकल्स तयार होण्यास हातभार लावते. लोखंडाला गंज चढावा तसाच हा प्रकार! पुढे कातडी कडक होते, खाज सुटते आणि साध्या खरचटण्यातूनही महिनोन् महिने न भरणारी जखम होते. पुष्कळ जण हा डाग नायटा समजून मलम चोळत बसतात व मोलाचा काळ घालवतात.

गोळ्यांनी भागेल का?

'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांनी शिरा बऱ्या होतात अशा जाहिरातींना भुलू नये. बिघडलेली झडप गोळीने दुरुस्त होत नाही. काही औषधांनी सूज व जडपणा कमी होतो, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. भांड्यात पाणी साचू दिले तर गंज पुसून उपयोग नाही. तसेच येथेही साचलेल्या रक्ताचा दाब कमी करणे हाच मूळ उपाय होय.

काय करावे?

उभ्याचे काम असेल तर अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात, चार पावले चालावे. दुपारी व रात्री पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. सकाळी उठल्याबरोबर, सूज येण्यापूर्वी, दाबाचे मोजे घालावेत. मात्र मधुमेही व चालताना पोटरीत गोळे येणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे. वजन आटोक्यात ठेवावे. विडी-सिगारेट सोडावी, कारण धुरामुळेही हे घातक कण वाढतात.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास घाबरू नये. रुग्णाला आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून ठेवावी व दवाखान्यात न्यावे. एकाच पायाला अचानक सूज व वेदना आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आतील शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

डॉपलर सोनोग्राफीने कोणती झडप बिघडली हे कळते. त्यानुसार इंजेक्शन, लेसर किंवा शस्त्रक्रिया करता येते. जखमेवर राख, चुना लावण्यात दिवस घालवू नका. घोट्याजवळ तपकिरी डाग दिसताच पाय दाखवून घ्या. जखम होण्याआधी केलेला उपचार सोपा असतो आणि रोजगारही बुडत नाही.